फलकावरची अधिकारी

शिरढोणच्या नाक्यावर मनस्वीचा भलाथोरला फलक लागला होता. 'जॉर्डन येथे अधिकारीपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' खाली काका, मामा आणि फोटो द्यायला तयार असलेले यच्चयावत नातेवाईक. खरं तर पोरगी तिथल्या एका मदतसंस्थेत सहा महिने बिनपगारी इंटर्न होती. पण आमच्याकडे बिनपगारी माणसाचा फलक कोण लावतो? वडिलांनी, हरेशशेठनी, तिला न विचारताच बढती देऊन टाकली.

परतली ती पार पिचून. निर्वासितांच्या छावणीत तिचं काम एकच. तंबू मागायला आलेल्यांना 'अजून आले नाहीत' असं गोड शब्दांत सांगायचं. आता तिला कुणाशी बोलायचंच नव्हतं, नुसतं पडून राहायचं होतं.

दुसऱ्याच सकाळी चिंगी ओटीवर येऊन बसली. चिंगी कातकरी. तिचं अख्खं घर हरेशशेठच्या शेतावर राबलेलं, झोपडीही तिथंच बांधाला. लहानपणी मनस्वीला तिनंच कडेवर घेऊन हिंडवलं होतं.

"बाय, नाक्यावर तुजा फोटो हाय. लोक बोलतात, तू घर नाय त्यांना घर देतेस. शेठ माजी झोपडी मोडायला सांगतात. येवडं बोल ना त्यांना."

अंगात त्राण नव्हतं, तरी मनस्वी उठली. चिंगीला नाही म्हणणं तिच्याच्यानं होईना. पप्पा आत चहा पीत होते.

"पप्पा, चिंगीची झोपडी का पाडताय?"

"जमीन विकली. बिल्डरला मोकळी करून द्यायची हाय."

"तेवढा तुकडा तरी ठेवा."

हरेशशेठ रागावले नाहीत. त्यांनी बशी खाली ठेवली. "बाय, तुला तिकडं पगार नव्हता. तू राहायचीस, खायचीस, ते कशावर? जमिनीचा इसार घेतला, तोच तुला पाठवत होतो. आता सौदा नाय मोडता येत."

मनस्वीनं पप्पांवर चिडावं तर कुठल्या तोंडानं? ती बाहेर आली आणि चिंगीला सगळं सांगितलं, इसाराचंसुद्धा.

चिंगी रडली नाही, भांडली नाही. "मंग आमी जायाचं कुटं?" एवढंच तिनं विचारलं.

छावणीत हा प्रश्न मनस्वीला रोज कुणी ना कुणी विचारायचं. तिथं तो तिला झेपायचा, कारण त्यांची घरं दुसऱ्या कुणीतरी पाडलेली असायची.