सवतीच्या नावाच्या कविता

बाळाबाईच्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी एक चांदीचा टाक होता. टाक म्हणजे बोटाच्या पेराएवढा पत्रा, आणि त्यावर ठोकून काढलेली एक बाई. ती बाई म्हणजे शिवबाई, बाळाबाईच्या नवऱ्याची, धनाजीची, पहिली बायको. तापाच्या साथीत गेली तेव्हा लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. त्यांच्यात रीतच तशी, दुसरेपणावर दिलेल्या बाईनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा. नवं लुगडं आलं की आधी टाकाला टेकवायचं, मग अंगाला लावायचं. सणाचा पहिला घास टाकाला. बाळाबाई लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं होतं, मेलेलं माणूस किती दिवस जागा अडवणार? कुठलं काय! शिवबाई हललीच नाही.

तरी ते एक वेळ चाललं असतं. टाक काही बोलत नाही, भांडत नाही, पोळीला नाव ठेवत नाही. पण धनाजीला कवितेचं वेड लागलं आणि मग मात्र बाळाबाईच्या संसारात खरी सवत आली.

धनाजी मूळचा माळशिरसच्या वरच्या माळावरचा, मेंढरामागं हिंडून मोठा झालेला. सोलापुरात आला आणि नवी पेठेत साड्यांच्या दुकानात लागला. दिवसभर गिऱ्हाइकापुढं साड्या उलगडायच्या आणि पुन्हा घड्या घालायच्या. जीभ गोड, आवाज मऊ. एका गणपतीत मंडळानं कविता वाचायचा कार्यक्रम ठेवला, याला कुणीतरी उभं केलं, आणि यानं शिवबाईवर कविता म्हटली. बायका डोळ्याला पदर लावून बसल्या. तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. गावोगावचे कवी कुणी पावसावर लिहितात, कुणी आईवर. धनाजी लिहायचा मेलेल्या बायकोवर. लोकांनी त्याला तेवढ्यापुरतंच ठेवलं आणि तोही तिथंच रमला.

घरी पोरगी प्रियंका, मराठी घेऊन बी. ए. करत होती. बापाच्या कविता मोबाइलवर आल्या की ती आईला मोठ्यानं वाचून दाखवायची. बाळाबाई तेव्हा शाळेच्या गणवेशांचं काम करत बसलेली असायची. कारखान्यातनं शर्टांचे गठ्ठे यायचे, तिनं बटणं लावून द्यायची. पोरगी वाचायची,

"जातं मुकं झालं, शिवा,
पीठ पांढरं कपाळ घेऊन बसलं."

"आई, याला चेतनगुणोक्ती म्हणतात," प्रियंका म्हणायची. "पिठाला माणूस केलंय. पांढरं कपाळ म्हणजे कुंकू पुसलेलं, जणू पीठच विधवा झालं. बघ, मेली असं कुठं म्हटलंच नाही, तरी कळतं की नाही?"

"कळतंय की. पर जातं कुटं हाय घरात? गिरणीतनं दळण मी आणती."

"अगं, खरंखुरं जातं असावं लागत नाही."

"मग खरंखुरं काय असावं लागतंय कवितेत?"

पोरीला हे कुठं शिकवलं होतं? ती पुढची कविता काढायची. "तू गेलीस आणि माळावरचं आभाळ हातभर खाली आलं." ही अतिशयोक्ती. "अगं शिवा, ऐकतेस का?" ही मेलेल्या माणसाशी समोर असल्यासारखं बोलायची तऱ्हा, शोकाच्या कवितेत ती चालते, म्हणे. बाळाबाईनं सुई शर्टात खुपसली. "व्हय, चालंल की! मेलेलीला अगं शिवा, आन जितीला नुसतं ऐकलं का, च्या टाक. बरी तऱ्हा हाय तुझ्या बापाची."

खोटं कशाला बोला, बाईचा जळफळाट होत होता. मेल्या म्हशीला मणभर दूध, म्हणतात ते काही उगाच नाही. शिवबाईची भाजी कधी करपत नव्हती, शिवबाईचं डोकं कधी दुखत नव्हतं, शिवबाई कधी जाड होणार नव्हती. शेजारणी यायच्या आणि उसासे टाकायच्या. "किती जीव हुता ओ पहिलीवर!" म्हणायच्या, आणि मग बाळाबाईकडं अशा बघायच्या की जणू ती घरात चुकून राहिलेली पाहुणी आहे. एकदा तर एक बाई म्हणाली, "तुमचं मन लई मोठं." बाळाबाईला वाटलं, हिच्या तोंडावर चहा फेकावा. मन मोठं कशाचं? मन मिरचीएवढं झालं होतं आणि तेवढंच तिखट. पंचवीस वर्षं रांधून वाढलं, त्याच्या आईचं गू-मूत काढलं, पोरगी शिकवली, आणि आपल्या नावानं एक ओळ नाही. एक! साड्यांच्या जाहिरातीसाठी यानं मालकाला चार ओळी करून दिल्या होत्या. म्हणजे साडीवर ओळ निघते, बायकोवर निघत नाही.

मग पुस्तक निघायचं ठरलं. दुकानाच्या मालकानं छपाईला हातभार लावला, वाचनालयाच्या सभागृहात प्रकाशन ठरलं. त्या आठवड्यात प्रियंकानं पुस्तकातली नवी कविता आईला वाचून दाखवली. सगळ्यांना हीच आवडते म्हणाली.

"ओठांत बटणं धरून बोलायचीस तू,
अर्धे शब्द आत, अर्धे बाहेर.
आता ओठच मिटलेस, शिवा,
आणि माझ्या जन्माला एक बटण कमी."

"आयुष्य म्हणजे सदरा, असं रूपक केलंय," पोरगी म्हणाली. "काय भारी आहे ना?"

 बाळाबाईला बोलता येत नव्हतं, कारण तिच्या ओठांत बटणं होती.

तिनं ती एकेक करून तळहातावर काढली. शिवबाई जन्मात सोलापूरला आली नव्हती. तिनं मेंढरं राखली, माळावर जगली, माळावर गेली. तिला कुठली बटणं? "अजून वाच," बाळाबाई म्हणाली. पोरीनं वाचलं. चहात बोट बुडवून साखर बघणारी शिवबाई. रुसली की ताट वाजवून ठेवणारी शिवबाई. झोपेत पदराचं टोक मुठीत धरणारी शिवबाई. बाळाबाईनं स्वतःच्या मुठीकडं बघितलं. आगं आई गं! ही तर सगळी मीच. घरफोडी झाली आणि चोर त्याच घरात जेवतोय, अशी गत.

दुसऱ्या दिवशी सकाळी धनाजी दाढी करत होता, तेव्हा ती त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"अवो, ही बटणं कुणाची?"

त्याचा हात थांबला. अर्ध्या गालावर फेस तसाच. तो खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, पण त्याला ते जमत नव्हतं. त्याचं सगळं खोटं कवितेत खर्ची पडायचं.

"तुझीच की," तो म्हणाला.

"मग नाव तिचं का?"

तो खाली बसला. "मला तिचं तोंड आठवत न्हाय गं. फोटो न्हाय काय न्हाय. त्या वक्ताला निम्मं साल मी मेंढरामागं असायचो. गेली तवा आई म्हणली, बाप्यानं रडू न्हाय. रडलो न्हाय. वर्साच्या आत तू आलीस. पुढं लिवाया बसलो तर काय बी येईना. मग एक दिस तू बटणं लावत बसली हुतीस. तुझ्याकडं बघितलं आन धरून चाललो, की ही गेली. लगीच वळी आल्या."

"म्हंजे मला रोज मारता की ओ तुमी!"

"मारतो कुटं? तू न्हाईस असं नुसतं धरतो. धरलं की पोटात कालवतंय. ते लिवतो."

आता या बाईनं करावं तरी काय? आतून उकळी फुटली होती. एवढी मोठी रडारड, एवढे उसासे, सगळं सोलापूर डोळे पुसतंय, ते आपल्यासाठी! आणि त्याच उकळीत राग. आपलं सगळं उचलून त्या टाकातल्या बाईच्या ओटीत घातलंय.

"मग माझ्या नावानं लिवा."

"जित्या बायकोवर कुणी असलं लिवतंय व्हय? लोक हसतील."

"आन पुस्तकात?"

"छापून झालंय पुस्तक. पहिल्या पानावर तिचंच नाव हाय."

बाळाबाईनं आरसा उचलून त्याच्या हातात दिला आणि आत गेली. तिनं मनाशी ठरवलं, प्रकाशनाला आपल्याला स्टेजवर बोलवणारच, मोठ्या मनाची म्हणून. तिथंच सांगायचं. या कवितेतली बाई मेलेली नाही, ही बघा उभी आहे. पण नुसतं म्हणून कोण ऐकणार? शिवबाई तशी नव्हतीच, हे सांगता आलं पाहिजे. आणि शिवबाई कशी होती हे तर नवऱ्यालाच आठवत नव्हतं.

एका माणसाला आठवत होतं. सोजरबाई, शिवबाईची आई. लेक गेल्यावर तिनं बाळाबाईलाच लेक मानलं होतं; दुसरीनं पहिलीच्या माहेराला माहेर म्हणायचं, ही पण रीतच. प्रकाशनाच्या आदल्या दिवशी म्हातारी गावाहून आली, शेंगांचं गठुडं घेऊन. प्रियंकानं तिला कविता वाचून दाखवल्या. म्हातारीनं मान हलवत ऐकल्या.

"चांगलं लिवलंय जावयबापूनं," ती म्हणाली. "पर ही कुणाची लेक हाय, मला कळंना."

बाळाबाईच्या काळजात लख्ख उजेड पडला. पोरीला दुकानात पिटाळून ती म्हातारीजवळ सरकली. "आई, शिवबाई कशी हुती वो?"

सोजरबाई तिच्याकडं बघतच राहिली. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. मग ती बोलायला लागली आणि थांबेचना. बाळाबाईनं शेंगा फोडत सगळं ऐकलं. ऐकताना तिला बरं वाटत नव्हतं. कवितेतली शिवबाई कशी, मऊ, गुणी, रडवणारी. तिचा हेवा केला तरी ती कुणाची तरी गोष्ट वाटायची. ही बाई तर अंगावर आली. बाळाबाईच्या मनात आलं, ही जगली असती तर आपल्याला कुणी विचारलंही नसतं. पण सवतीचा पुरावा हातात आला होता, तो टाकून द्यायची तिची तयारी नव्हती.

सभागृह भरलं होतं. अध्यक्ष शोकाच्या कवितेवर बोलले. कवी मेलेल्या माणसाला शब्दांत जिवंत ठेवतो, वगैरे. मग म्हणाले, "सवतीवरच्या या कविता ज्या माउलीनं मोठ्या मनानं सांभाळल्या, त्यांनी दोन शब्द बोलावेत." टाळ्या पडल्या. बाळाबाई उठली. धनाजीनं तिच्याकडं घाबरून बघितलं. पहिल्या रांगेत प्रियंका आणि सोजरबाई.

"माझं मन मोठं न्हाय," बाळाबाई माईकमध्ये म्हणाली. "बटणं मी लावती. शाळेच्या शर्टाची. च्यात बोट मी बुडवती, ताट मी आपटती. ही सगळी मी हाय. शिवबाईला बटण कसं लावत्यात ते बी ठावं न्हवतं."

लोक हसले. बाईचा विनोद आवडला त्यांना. अध्यक्षसुद्धा हसले. बाळाबाईला आणखीच चीड आली. थांबा म्हणाली मनात, दाखवतेच तुम्हाला.

"हसू नगासा. शिवबाई असली न्हवतीच. तिच्या आईनं सांगितलंय, ती बसलीय बघा म्होरं. शिवबाई बाप्याएवढी उंच. तोंडात दोन बोटं घालून शीळ मारायची, की पल्याडच्या टेकाडावरची मेंढरं माघारी फिरायची. भाकरी कधी गोल आली न्हाय. शेळीला आईमाईवरनं शिव्या द्यायची आन मग तिच्याच तोंडाचा मुका घ्यायची. ल्हानपणी मेंढ्यानं धडक दिल्याली, त्यात तिची कानाची पाळी फाटल्याली. डाव्या कानाची."

"उजव्या."

कुणी बोललं ते आधी कळलं नाही. स्टेजवरच्या खुर्चीतून धनाजी बोलला होता.

"उजवा कान," तो पुन्हा म्हणाला. "वरनं पदर घ्यायची त्याच्यावर. मी... मी हसलो हुतो एकदा."

"व्हय, उजवाच," खालून सोजरबाई म्हणाली.

आणि धनाजी रडायला लागला. कविता म्हणताना त्याचा आवाज नेमका जिथं कापायला हवा तिथं कापायचा, लोक वाहवा म्हणायचे. हे तसलं नव्हतं. त्याचं तोंड वाकडं झालं, नाक वाहायला लागलं, तो लहान पोरासारखा शर्टाच्या बाहीला तोंड पुसू लागला. त्याच्या समोर शिवबाई उभी होती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पाळी फाटलेली, उंच, शिव्या देणारी. इतक्या वर्षांनी त्याला तिचं तोंड आठवलं होतं.

बाळाबाईला ते दिसलं. हे कुणी केलं? आपणच की! टाकातल्या बाईला आपणच दोन बोटं तोंडात घालायला लावली आणि नवऱ्यापुढं आणून उभी केली. आपल्यासाठी हा माणूस असं कधी रडला नव्हता. आपल्याला नुसतं मेली असं धरत होता, आणि तेही दुसरीच्या नावानं. तिला माईक खाली आपटावासा वाटला.

सोजरबाईनं सांगितलेली अजून एक गोष्ट बाकी होती. ती सांगायलाच पाहिजे असं काही नव्हतं. पुरावा देऊन झाला होता. सवतच ती, तिच्यावर किती उपकार करायचे? बाळाबाई माईक ठेवून खाली उतरली असती तर कुणी विचारलं नसतं. पण पहिल्या रांगेत म्हातारी मान लांब करून बसली होती. लेकीचं नाव तिनं एवढ्या लोकांत कधी ऐकलं नव्हतं, आणि अजून ऐकायचं होतं.

"हसायला लागली की," बाळाबाई म्हणाली, "शिवबाईला हुबं ऱ्हाता यायचं न्हाय. मटकन खाली बसायची. मेंढरं कुटं बी जावूद्यात."

आणि नवऱ्याकडं न बघता ती पुढं सांगत राहिली.