सोळावी घटका

धाकट्या बहिणीचं लग्न वैशाखात कडावला आमच्या दारात होतं. मी नुकताच कर्जतच्या शाळेत मास्तर झालो होतो. घराण्यात शिकलेला पहिलाच, म्हणून खिशात साखळीचं घड्याळ. आदल्या दिवशी ते मुद्दाम स्टेशनावरच्या घड्याळाशी लावून आणलं होतं.

आमचे म्हातारे जोशीबुवा पहाटेच घंगाळात पाणी भरून मांडवाच्या कडेला बसले. पाण्यावर बुडाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी सोडली. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटं, झाली. पाटावर कुंकवाचं बोट टेकवायचं, वाटी उपसून पुन्हा सोडायची. सूर्योदयापासून सोळा घटकांनी मुहूर्त होता. मला त्यांनी सांगून ठेवलं होतं, "तुमच्या घड्याळात बाराला थोडं कमी असताना."

पाटावर पंधरावं बोट उमटलं तेव्हा मी घड्याळ काढलं. बारा! मुहूर्त टळला होता. माझ्या तोंडून शब्द निघाला आणि खालापूरकडून आलेले मुलाचे वडील ताडकन उठले.

"येळ टळली म्हंता? मग आमी वऱ्हाड माघारी नेतो."

आई रडायला लागली. "आता काय करू रं?" ती मला विचारत होती.

मी बुवांवर चिडलो. "सूर्य डोंगराआडून दिसेपर्यंत तुम्ही थांबलात, वाटी उशिरा सोडलीत. तिथंच चुकलं."

"डोंगरामागं उगवला तेव्हाच सोडली, मास्तर," ते शांतपणे म्हणाले. "मुहूर्ताला एक घटका आहे. ती काठी उन्हात सरळ रोवा. आज सूर्य बरोब्बर माथ्यावर येईल, काठीला सावलीच राहणार नाही. इकडं वर्षातून दोनदाच होतं असं. तोच आपला मुहूर्त."

मी काठी रोवली. पश्चिमेला वीतभर सावली पडली. अख्खं वऱ्हाड भोवती जमलं. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली. सावली चार बोटं झाली, दोन झाली. कुणी हलेना.

आणि मग ती नाहीशी झाली. भर उन्हात काठी उभी, आणि जमिनीवर काही नाही. त्याच वेळी मागं पाण्यात बुडुक आवाज झाला.

"सावधान!" बुवा म्हणाले. अंतरपाट दूर झाला. मुलाच्या वडिलांनी पागोटं काढून बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं.

चार दिवसांनी स्टेशनमास्तरांना विचारलं. ते हसले. रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालते, आपल्या सूर्यापेक्षा घटकाभर पुढंच. हे बुवांना ठाऊक नव्हतं. ते स्टेशनात कधी गेलेच नव्हते.

मी त्यांच्याकडे गेलो, क्षमा मागितली आणि पंचांगाचं गणित शिकवा म्हणालो. पाटीपेन्सिलही नेली होती. त्यांनी ती बाजूला ठेवली.

"आधी महिनाभर पहाटे उठून नुसतं डोंगराकडं बघा," ते म्हणाले. "मग या."