आईपुरतं वाचलेलं प्रहसन

"हं, ऐका आता. हसू आलं तर दाबू नका, पोटात दुखतं." एवढं बजावून आमचे प्रहसनकार खडीसाखरेचा खडा गालात ठेवायचे आणि वाचायला लागायचे. नोकरी कल्याणच्या कचेरीत कारकुनाची, छंद प्रहसनं लिहिण्याचा. असा एखादा हौशी माणूस तुमच्याही ओळखीत असेल.

मी तेव्हा ठाण्याला शाळामास्तर होतो. उन्हाळ्याच्या सुटीत शाळा रिकामी, म्हणून आम्ही तिथे लिहिणाऱ्या मंडळींची बैठक भरवायचो. सतरंज्या अंथरायच्या आणि एकेकाने आपलं लिखाण वाचायचं. एका वर्षी एक निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष लाभले. कार्यक्रमाची यादी पाहून म्हणाले, "प्रहसन नको. विद्वान मंडळी येणार आहेत."

हे प्रहसनकारांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. स्टेशनावर गेलो, तर त्यांच्याबरोबर त्यांची आई. मुलाचं वाचन ऐकायला म्हातारी पहिल्यांदाच आगगाडीत बसली होती. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी हातातली खडीसाखरेची पुडी खिशात घातली. मग म्हणाले, "बरं झालं, घसा वाचला." पण आईला काय सांगायचं, ते त्यांना सुचेना.

दुपारी जेवून मंडळी वर्गात लवंडली. ते आईला घेऊन अंगणातल्या फणसाखाली बसले आणि तिच्यापुरतं वाचू लागले. तिला कमी ऐकू येई, म्हणून आवाज खणखणीत. गाडी चुकू नये म्हणून आदल्या दिवशीच बायकोसकट स्टेशनावर जाऊन बसलेल्या एका गृहस्थाची ती गंमत होती.

एकेक जण उपरणं सावरत बाहेर आला. हशा वाढला, तसे न्यायाधीशही आले, कपाळाला आठ्या घालून. म्हातारी त्यांना म्हणाली, "बसा हो. उभ्यानं नीट हसता येत नाही."

न्यायाधीश मुकाट्याने बसले. प्रहसनातला स्टेशनमास्तर सांगतो, गाडी उद्या आहे, घरी जा. त्यावर बायको म्हणते, "आता नाही हो जायची. निघताना साऱ्या आळीचा निरोप घेतलाय, परत कोणत्या तोंडानं जाऊ?" तिथे मात्र न्यायाधीशांचा धीर सुटला. हसता हसता त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

संध्याकाळी मी म्हातारीला विचारलं, "कसं वाटलं, आजी?"

"चांगलं लिहितो. पण ती बायको अगदी माझ्यासारखी बोलते रे!"

ते लाजून कोपऱ्यात आपले जोडे शोधत राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही त्यांचं वाचन पहिलंच ठेवलं. पण त्यांची बदली दूर तळकोकणात झाली होती, रजा मिळाली नाही. नवं प्रहसन त्यांनी टपालाने धाडलं. वाचणार कोण? न्यायाधीशांनी हात पुढे केला. सासूसुनेचं भांडण त्यांनी निकाल वाचावा तसं सावकाश, ठासून वाचलं. आम्ही हसून हसून लोळलो.

ते घाम पुसत खाली बसले आणि मला म्हणाले, "त्यांना कळवा, हे काम आमच्याच्यानं व्हायचं नाही. पुढच्या वर्षी काहीही करून या म्हणावं. आणि आईंनाही आणा."