आषाढात अडकलेले शेअर

टॅक्सकाका, म्हणजे आमचे करसल्लागार, कागद बघायच्या आधी वस्तू बघायचे. माझी फाईल त्यांनी तीन दिवस उघडलीच नाही. कोथरूडला आमच्या गाळ्यावर आले, चपला बाहेर काढल्या आणि मोदकांच्या यंत्रासमोर स्टूल ओढून बसले. "सारण आधी जातं की पारी आधी?" आयकराची नोटीस माझ्या हातात, आणि हे गृहस्थ सारणाची चौकशी करतायत!

प्रकरण असं होतं. विश्रांतवाडीचा फ्लॅट विकून झालेला नफा मी स्वतःच्याच छोट्या कंपनीच्या शेअरमध्ये घातला आणि कंपनीनं त्यातून हे यंत्र घेतलं. तेव्हाच्या नियमानं असं केलं की त्या नफ्यावर कर माफ. मात्र शेअर विवरणपत्राच्या मुदतीआधी घ्यायला हवेत. पैसे मी वेळेत भरले. शेअर दिल्याच्या कागदावर तारीख पडली मुदतीनंतरची. अधिकाऱ्यांनी सवलत नाकारली. कर भरायचा तर यंत्र विकायचं आणि गाळ्यातल्या चौघीजणींना घरी बसवायचं, दुसरा मार्गच नव्हता.

"उशीर का झाला?" काकांनी विचारलं.

"राहून गेलं."

"आपोआप काही राहत नाही हो. कुणीतरी ठेवतं."

शेवटी सांगितलं. कंपनीच्या दुसऱ्या संचालक माझ्या सासूबाई. आषाढात नव्या कामाच्या कागदावर सही करणार नाही म्हणाल्या, आणि श्रावण लागेपर्यंत मीही गप्प बसले. वाटलं, काका आता टोमणा मारणार. ते थेट सासूबाईंपुढे जाऊन बसले. "वहिनी, सही चालत नव्हती, मग पैसे कसे चालले?"

"पैसे ज्येष्ठातच दिले होते," सासूबाई ठसक्यात म्हणाल्या. काकांनी ते शब्दशः लिहून घेतलं.

माझ्या भावानं सुचवलं, मागची तारीख टाकून नवा कागद करू. "करा की," काका म्हणाले, "फक्त सल्लागारही नवा बघा." अपिलात त्यांनी आषाढासकट सगळं खरं लिहिलं. मी भडकले. तुमच्या या खरेपणापायी आम्ही रस्त्यावर येणार, असं तोंडावर म्हणाले. त्यांनी चहा संपवला आणि यंत्राचे आणखी दोन फोटो मागितले.

निकाल यायला दोन वर्षं लागली. तोवर काकांनी अंथरूण धरलं होतं. मी उशाशी बसून निकालपत्र वाचलं. पैसे मुदतीत कंपनीत आले, यंत्रही वेळेत आलं, केवळ कागदाला उशीर झाला म्हणून सवलत जात नाही. वाचता वाचता मला रडूच कोसळलं.

"आषाढाबद्दल काय म्हणतात?" काकांनी डोळे मिटूनच विचारलं.

"काहीच नाही, काका."

"कमाल आहे. एवढा खरा मुद्दा, आणि कुणाला विचारावंसंही वाटलं नाही?"

पुढच्याच आठवड्यात ते गेले. चौघीजणी यंत्र थांबवून अंत्यदर्शनाला आल्या. मी काकांची माफी मागायला हवी होती. जिंकल्याच्या भरात, निकाल वाचला त्या दिवशी, मला ते सुचलंच नाही.