काड्या जळाल्या त्या दिवशीच्या सुमनबाई

न्हाई संपादकसाहेब, ती काड्या जाळल्याची गोष्ट मी गाळणार न्हाई. बाईंच्या साठीच्या गौरवग्रंथात असलं शोभत न्हाई म्हणता? मंग बाई कशा आहेत ते सांगायचं तरी कसं?

आमच्या चित्रकलेच्या सुमनबाईंची नि माझी ओळख पाचवीतली. रंगवायसाठी पऱ्हाटीच्या, म्हंजे कापसाच्या झाडाच्या, वाळल्या काड्या सोलत होतो, बोट कापलं. बाईंनी चिंधी बांधली आणि बांधता बांधता विचारलं, “साल बुडाकडून सुटते का रे, शेंड्याकडून?” बाईंना बोटापेक्षा काडीचं पडलंय, असं वाटलं. दोन्हीचं पडलेलं होतं, हे पुढं कळलं.

कापूस निघाला की बाई सगळ्या गावाला शाळेच्या ओट्यावर बसवायच्या. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला रंग ज्यानं त्यानं घरून आणायचा. एकानं वीतभरच रंगवायचं, मंग काडी शेजारच्याला द्यायची. पाटलांच्या हातातली काडी भीमनगरातल्या आजोबांकडं, त्यांच्याकडून माझ्याकडं. ही माझी, असं म्हणायची सोयच न्हाई. “पुढचा काय करतो बघू तर,” बाई म्हणायच्या. त्यांना खरंच बघायचं असायचं.

मी जालन्याला कॉलेजात होतो, सुट्टीला आल्तो, त्या वर्षीची गोष्ट. शाळेत खिचडी नुकतीच सुरू झाल्ती. ती शिजवायला माझी आई, रखमा. कुंपणाला लावायच्या शंभरेक काड्या रंगवून चुलीमागं वाळत ठेवल्या होत्या. सकाळी आईनं त्या बिनधास्त चुलीत घातल्या. पऱ्हाटी म्हणजे सरपण. रंगवायला ओट्यावर ती कधी बसलेलीच न्हाई; कुणीतरी त्याला ब्रश पुसले असतील, असं तिला वाटलं. खिचडीला रंगाचा असा वास लागला की पोरं ताटं ठेवून उठली.

गाव गोळा झालं. मुख्याध्यापक म्हणाले, “उद्यापासून दुसरी बाई बघतो.” आईचं तोंड उतरलं. घरात तेवढाच बांधलेला पगार होता.

बाई पुढं झाल्या. “बघा. पण चित्रकलेलाही दुसरी बघा. चुलीमागं काड्या मीच ठेवल्या.”

मंग आईकडं वळून म्हणाल्या, “रखमाबाई, आधी कोणता रंग पेटला हो?”

आई डोळे पुसत म्हणाली, “लाल. लई तडतडला.”

“आणि निळा?”

“त्यो कुठला पेटतो! नुस्ता धूर. पाटलासारखा.”

पाटीलच आधी हसले. मुख्याध्यापकांना हसू आवरंना. नोकरी राहिली.

पण बाई हसल्या न्हाईत. “सगळ्या गावाला बोलावलं आणि तुम्हाला चुलीपाशी सोडलं,” त्या आईला म्हणाल्या, “चुकलं माझं.” दुसऱ्या दिवसापासून रंगकाम खिचडीची भांडी घासून झाल्यावर सुरू व्हायला लागलं. कितीही खोळंबा होवो, आई येऊन बसेपर्यंत बाई रंगाचा डबा उघडू द्यायच्या न्हाईत. आजही देत न्हाईत.

तुम्ही म्हणता, यात आईची मान खाली जाते. आईला विचारून आलोय. ती म्हणाली, “टाक की. जाळल्या त्या जाळल्या. न्हाई तर मला कुणी बोलावलं असतं का?”

बाईंना उदंड आयुष्य मिळो, गुडघे धड राहोत, आणि प्रश्न विचारायची खोड बिलकुल न सुटो. लेख टेबलावर ठेवलाय. एक ओळ कमी केली तर सगळाच परत द्या. गावाकडची, राजूरची गाडी लागलीय, मी निघालो.