भरून परत येणारा डबा

म्हशीनं माझे धपाटे खाल्ले. सगळे. चार होते, वर शेंगदाण्याची चटणी. मंदावहिनीनं डबा टोपल्यात उपडा केला, काठावर दोनदा आपटला, आणि म्हशीनं तोंड घातलं. म्हशीनं माझं आडनाव विचारलं नाही.

मी परसातल्या फाटकापाशी उभी होते. हातात वहिनीच्या सासूचं पासबुक. म्हातारी सकाळी माझ्याकडे विसरून गेली होती, ते द्यायला आले होते. मागच्या वाटेनं मी कधी जात नसे. पण समोरच्या अंगणात धान वाळत घातलेलं होतं, त्यावर पाय नको म्हणून वळसा घेतला. ते धान नसतं तर मी आजही त्या बाईची मैत्रीण असते.

तिनं मला पाहिलं नाही. मी पासबुक तसंच घेऊन परतले. तासाभरानं ती आली. डबा घासलेला, चकचकीत. आत लाखोळीच्या डाळीचे वडे, गरम.

"धपाटे एकच नंबर झाले होते वं," ती म्हणाली. "बुढीनं बी खाल्ले."

"हो का," मी म्हणाले.

ती गेल्यावर ते वडे मी खाल्ले. सवयीनं खाल्ले. म्हशीचं मी विसरू शकेन कदाचित. हे नाही विसरत.

मी लातूरकडची. एम.ए.ची पदवी पेटीत ठेवून दहावीच्या मार्कांवर पोस्टात लागले. यादीत नाव आलं ते राज्याच्या पूर्व टोकाला, कोंढ्याहून आत, धानाच्या बांध्यांमधल्या, म्हणजे भातखाचरांतल्या, एका गावाचं. गावातच राहायचं, आणि राहत्या खोलीतच पोस्ट चालवायचं. दाराला सरकारी पाटी, पाटीमागे माझा गॅस.

आले तेव्हा रोवणे, म्हणजे धानाची लावणी, चालू होते. गाव चिखलात वाकलेलं. मला कुणी ओळखत नव्हतं आणि मला कुणाचं निम्मं बोलणं कळत नव्हतं. त्यांच्या 'करून राहिले'ला मी हसायची, माझ्या 'करायलेत'ला ते. सकाळी भात, संध्याकाळी भात. ज्वारीसाठी मी कोंढ्याचा बाजार धुंडाळायची. पहिले दोन दिवस पोस्टातल्या वजनकाट्याशी बोलत काढले.

इथं आडनाव सांगितलं की माणसाचं सगळं कळतं. घर गावात कुठल्या बाजूला, हेसुद्धा. माझं आडनाव आमच्याकडे चार-पाच जातींत आहे. गावाची पंचाईत झाली. लोक ते दोनदा विचारायचे, मग "अस्सं" म्हणायचे आणि मनातला रकाना रिकामा ठेवून घरी जायचे.

मंदावहिनी शेजारची. नवरा उपसरपंच. तिसऱ्या दिवशी ती डबा घेऊन आली: भात, वांग्याची भाजी. "घ्या मॅडम. एकट्या कायले चूल पेटवता?" दुसऱ्या दिवशी मी त्याच डब्यात धपाटे भरून दिले, कारण डबा रिकामा परत करायचा नसतो. आमच्याकडेही हीच रीत. या मुलखात बाकी सगळं वेगळं निघालं, ही एक गोष्ट सारखी निघाली. मला वाटलं, आपण फार लांब आलेलो नाही.

मग डबा जात राहिला, येत राहिला. दीड वर्ष. 'मॅडम'ची 'बाई' झाली, 'बाई'ची 'वं' झाली. माझा ताप तिनं काढला. तिची माहेरची भांडणं मी ऐकली. मी आईला फोनवर सांगायची, इथं मला बहीण मिळाली.

धपाट्यांच्या दिवसानंतर मला एकच प्रश्न छळू लागला. कुठल्या डब्यापासून?

पत्रांवर शिक्के मारताना तोच प्रश्न. जेवताना तोच. समोर ताट असलं की कानात डब्याचे ते दोन ठोके. मी एकेक डबा आठवू लागले. पहिल्या धपाट्यांना ती म्हणाली होती, "लसूण जास्त झाला जी, पण बुढीनं दोन खाल्ले." एका भाकरीला, "कडक झाली." दोडक्याला, "गिच्च गोळा केला तुमी." प्रत्येक डब्यात काहीतरी खोट. मग कधीतरी खोट निघणं थांबलं. मस्त. बढिया. एकच नंबर. मी समजले, माझा हात सुधारला.

कधीपासून? एप्रिलपासून. जयंतीला मी पांढरी साडी नेसून विहारात गेले होते. भर रस्त्यानं, सगळ्यांदेखत. मला लपवायचं नव्हतंच. त्याआधी कुणी थेट विचारलं नव्हतं, आणि न विचारण्याला मी गावाचं मोठेपण समजले होते. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाची ही खास चूक.

ऑगस्टमधली भाजी तर मला चार दिवस झोपू देईना. वांग्याच्या भाजीत मी मीठच विसरले होते. डबा गेल्यावर जेवायला बसले तेव्हा कळलं. धावत सांगायला गेले, तर वहिनी दारातच म्हणाली, "भाजी एकच नंबर. मीठमसाला बराबर." मला भरून आलं. किती जपते ही आपल्याला! मी खोलीत येऊन ती अळणी भाजी जेवले आणि तिचं मन केवढं मोठं आहे असं वहीत लिहून ठेवलं. ते पान अजून आहे. मी ते फाडणार नाही.

संविधान दिनाला उपसरपंचांनी चौकात उद्देशिका वाचली. खणखणीत आवाज. 'बंधुता' या शब्दाआधी एवढा वेळ थांबले की लोकांना वाटलं, संपलं, आणि टाळ्या पडल्या. मग माझ्याकडे हात करून म्हणाले, "लातूरची पोरगी आपल्या गावात लेक होऊन राहिली. आमच्या घरात आणि हिच्या घरात रोज डबा चालते. ह्याले म्हणतात समता!" मला शाल दिली, नारळ दिला. नारळाची मी चटणी केली. ती डब्यातून वहिनीकडे गेली. म्हणजे समतेचा तो नारळही म्हशीलाच पचला.

आठवडाभरानं धपाटे.

मी विहाराजवळच्या शांताबाईकडे गेले. साठीची बाई. तरुणपणापासून वहिनीच्या बांधीत रोवणा करणारी. तिला सगळं सांगितलं. ती आधी हसली.

"पोरी, तुले समजाले दीड वरीस लागलं? आमी रोवलेलं धान तिले चालते. आमी शिजवलेला भात चालत नाही. आता मधात का होते, ते चुलीलेच विचार."

"मग तुम्ही तिच्याकडे जाता कशाला?"

"रोजीले जातो. दोस्ती कराले नाही जात."

ते वाक्य घेऊन मी परत आले.

दुसऱ्या दिवशी वहिनी डबा घेऊन आली. मी तो घेतला नाही. माझी भाकर आणि पिठलं ताटात वाढून पुढे ठेवलं. "वहिनी, बसा. एक घास खा."

"पोट भरलं हाये वं."

"एकच."

ती ताटाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मी त काही मानत नाही. बुढी हाये ना घरात. तिले चालत नाही."

"त्या दिवशी म्हणालात, बुढीनं धपाटे खाल्ले."

ती डब्याचं झाकण चाचपू लागली.

"म्हशीनं खाल्ले, वहिनी. मी पाहिलं."

तिचा चेहरा पडला. "कायले बखेडा करून राहिली? बहिणीवानी राहिलो ना आपण?"

"मग खा."

ती रडली. खरं रडली, त्यात नाटक नव्हतं. पदर तोंडाला लावून रडली. पण घास उचलला नाही. भरलेला डबा उचलून घरी गेली.

पुढल्या महिन्यात म्हातारी निराधारच्या पैशाला आली. मागे आठ-दहा माणसं रांगेत, त्यात वहिनीही. आयुष्यभर चिखलात रोवून म्हातारीच्या अंगठ्याच्या रेषा झिजल्या आहेत, यंत्राला सापडत नाहीत. मला तो ओल्या फडक्यानं पुसावा लागतो, दोन्ही हातांनी धरून दाबावा लागतो. दर महिन्याला मी हे करत होते. तिच्या घरातलं कुणी कधी म्हणालं नव्हतं की हात लावू नका.

अंगठा हातात धरून मी विचारलं, "आजी, माझ्या हातचे धपाटे तुम्हाला चालत नाहीत का?"

"कोनचे धपाटे?" म्हातारी म्हणाली. "पह्यले आनत होती मंदा. मले आवडत होते. मंग म्हने, मॅडमनं कराचं सोडलं."

रांगेतली डोकी वहिनीकडे वळली. मी वहिनीकडे पाहिलं नाही. म्हातारी निर्दोष निघाली म्हणून मला बरं वाटलं असेल असं कुणी समजू नये. माझा प्रश्न अजून संपला नव्हता.

"मी बौद्ध आहे, आजी. आता सांगा. आणू का?"

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं. मग यंत्राकडे. अंगठा माझ्या हातातून काढून घेतला नाही, आणि उत्तरही दिलं नाही. यंत्र वाजलं. पैसे घेऊन ती सुनेच्या खांद्याला धरून निघून गेली.

आई म्हणते, बदली माग. अर्जाची मुदत होती. मी अर्ज भरला नाही. जायला लागावं असं मी काही केलेलं नाही.

अजूनही अंगणातून भांड्याचा आवाज आला की माझे कान टवकारतात. दोन ठोके. तो आवाज जाईल असं वाटत नाही. त्याला घेऊनच मी इथं राहणार आहे.

मात्र माझा डबा आता कुणाच्या घरी जाणार नाही आणि कुणाचा मी घेणार नाही. बाजाराच्या दिवशी मी धपाटे थापते आणि पोस्टाच्या टेबलावर उघडे ठेवते. शांताबाई येते, खाते. बाकीचे शिक्के मारून घेतात आणि दुसरीकडे बघतात. बघोत. ज्याला माझ्याशी मैत्री करायची आहे, त्यानं इथं, माझ्यासमोर, चावून गिळावं.

आणि मीठ कमी असेल तर तोंडावर सांगावं.