सासऱ्याला थांबवणारे हात

आमच्या घरात माझ्या वडिलांना, बाला, थांबवायची कोणाची छाती नव्हती. तो जेवायला बसला की आई रेडिओसुद्धा बारीक करायची. आधी त्याने आमच्या बेटावरच्या बों अक्योय गावी उसाच्या लॉऱ्या चालवल्या आणि मग विमानतळावर शिडीची गाडी. ऐंशीनंतरची ती वर्षं. मी तिथेच प्रवाशांना विमानापर्यंत नेण्याच्या कामावर होते. लग्नानंतर माझा नवराही तिथेच लागला, इशारे करायला. शिडी विमानाला लावताना ड्रायव्हरला दाराची कड नीट दिसत नाही, तो फक्त समोरच्या माणसाचे हात बघतो. डोक्यावर हातांची फुली झाली की जागच्या जागी थांबायचं.

म्हणजे घरी ज्याच्यासमोर मान वर करायची नाही, त्याला कामावर हात दाखवायचे. आता खरी जावयाची परीक्षा, असं मी थट्टेत म्हणायचे. नवरा हसायचा नाही.

त्या दुपारी पॅरिसचं विमान उभं होतं. काचेच्या दाराशी मी, माझ्यामागे प्रवाशांची रांग. सगळ्यात पुढे तान्हं मूल कडेवर घेतलेली एक बाई होती. बा शिडी घेऊन हळूहळू विमानाकडे सरकत होता. नवऱ्याने हात उचलले, पण ते छातीपाशीच अडले. दुरून बघणाऱ्याला वाटलं असतं, हा नमस्कार करतोय. बा आणखी हातभर पुढे आला आणि शिडीची लोखंडी कड दाराखाली विमानाला लागली. आवाज काही मोठा नव्हता. भाकरीचा डबा हातातून पडावा, एवढाच.

रांगेला थांबायला सांगून मी धावले. बाने शिडी मागे घेतली होती. पत्र्याला बशीएवढा पोचा पडला होता. आमच्या तिघांशिवाय कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. इंजिनियर पलीकडच्या पंखाखाली तेलाच्या गाडीपाशी होता.

"लेस ली," बा हलक्या आवाजात बेटावरच्या बोलीत म्हणाला. "राहू द्या. बारीक लागलाय, कोनाला दिसत नाय."

"मामा, वर गेल्यावर आत हवा दाबून भरलेली असते. हितून फाटला तर?" नवरा म्हणाला.

"माजी नोकरी जाईल. धाकट्या दोघी अजून शाळंत हायत. लेस ली, जावय."

मला नवऱ्याचा संताप आला होता, खरं सांगते. वेळेवर हात वर गेले असते तर ही पाळीच आली नसती. आणि बाच्या तोंडून अशी विनवणी मी जन्मात ऐकली नव्हती. मी दाराशी परत आले तोवर तिथल्या साहेबाने प्रवाशांना सोडायची खूण केली होती. बा शिडी लावायला पुन्हा गाडीत चढला. माझ्यामागून रांग उन्हात निघाली. मला ओरडायचं होतं, पण मी रांगेच्या पुढे चालत राहिले. मागे ते मूल किरकिरत होतं.

तेवढ्यात नवरा शिडीच्या गाडीसमोर जाऊन उभा राहिला. दोन्ही हात डोक्याच्या वर, ताठ, फुली केलेले. तोंड बाच्या दिशेने. बाची गाडी थांबली. माझी रांग थांबली. पंखाखालून इंजिनियर पळत आला.

आतलं अस्तर काढलं तेव्हा पोच्यामागची धातूची फासळी चिरलेली निघाली. विमान राहिलं, प्रवासी हॉटेलात गेले. बाला शिडीवरून काढून सामान उचलायला लावलं. नोकरी गेली नाही, पण स्टिअरिंग गेलं, आणि त्याला तेच जास्त लागलं. शमें ग्रेनिए गावात आम्ही त्याच्याच अंगणात दोन खोल्या बांधून राहत होतो. नवरा समोर आला की बा तोंड फिरवून आत जायचा. आई बिचारी दोन्हीकडे ताटं वाढायची.

पुढच्या वर्षी बाने भाजी विकायला एक जुनी व्हॅन घेतली. पहिल्या दिवशी ती आंब्याच्या आणि भिंतीच्या मधून मागे घ्यायची होती. त्याने हॉर्न दिला. मी बाहेर आले.

"तू नको," बा म्हणाला. "त्यास्नी बोलव."

नवरा येऊन भिंतीशी उभा राहिला. बाने आरसा नीट केला.

"हात वर करा," तो म्हणाला. "अजून वर. मला दिसले पायजेत."

नवऱ्याने डोक्यावर फुली केली. व्हॅन भिंतीपासून हातभर अंतरावर थांबली.